बर्गरमधला पहिला घास

निनाद, मुक्ता, पत्र रविवारी लिहायचा माझा नेम. पण कालच्या व्हिडिओ कॉलवर जे दिसलं, ते आजच सांगावंसं वाटलं.

निनाद, तू ऑफिससमोरच्या बाकावर बर्गर खायला बसला होतास. मी म्हटलं, "रोज हेच? डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलंय म्हटलं ना? आणि तेवढ्या पैशांत चार दिवस वरणभात होईल रे!"

"आजी, कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार?"

मी रागावणार, तेवढ्यात तू पावाचा तुकडा मोडून चिमण्यांपुढे टाकलास आणि मगच खायला लागलास. तुझे आजोबा जेवणाआधी असाच कावळ्याचा घास काढायचे. तू त्यांच्या मांडीवर असायचास.

बर्गर कमी कर, बाळा. मुक्ता, तुझ्या भावाला वरण करायला शिकव. पहिला घास दुसऱ्याला द्यायची आपल्या घरची रीत मात्र अजून आहे.