एक लादी म्हणजे पाच फूट

मृत्यूपुढे माणसांची सगळी भांडणं क्षुल्लक ठरतात. भिसेगावातल्या शोकसभेत एका वक्त्यांनी हे सांगितलं आणि त्याच भाषणात प्रमोदला दोनदा प्रकाश म्हटलं. मी मागच्या रांगेत होतो. माझं आणि प्रमोदचं भांडण मुळातच क्षुल्लक होतं. खेळातल्या एका मंत्राची ताकद किती असावी, यावरून आम्ही चौदा महिने बोललो नव्हतो. त्याच्या जाण्याने ते भांडण लहान झालं नाही. मिटवायची सोय तेवढी गेली.

प्रमोद साजगावच्या एका कारखान्यात माल तपासायचा. रविवारी दुपारी त्याच्या घरी आम्ही तिघं खेळायला बसायचो : तो, मी आणि कर्जत-कशेळे जीप चालवणारा गणेश. खेळ असा, की एकाने संकटं रचायची, बाकीच्यांनी योद्धा, वैद्य, मांत्रिक व्हायचं आणि लढाईचा निकाल फाशांवर सोडायचा. संकटं प्रमोद रचायचा. लढाई हॉलच्या फरशीवर व्हायची. एक लादी म्हणजे पाच फूट, राक्षस म्हणजे चिंचोके, आम्ही म्हणजे शर्टाची बटणं. कुठला मंत्र किती इजा करतो, एका वेळी किती शत्रू सापडतात, हे सगळं प्रमोद एका जाड वहीत रकाने पाडून लिहायचा. एक मंत्र फार जड झाला की बाकीचे खेळाडू नुसते प्रेक्षक होतात, हे त्याचं तत्त्व. तपासनीसच तो... सुट्टीच्या दिवशीही माल नापास करायला तयार.

अग्निगोल हा माझ्या मांत्रिकाचा मंत्र. जिथे पडेल तिथून चारी दिशांना चार-चार लाद्या जाळ, त्यात आपली माणसंही सुटत नाहीत, आणि इजा आठ फाशांची. मधे प्रमोदची आई पडली, घरात फरशीचं काम निघालं, महिनाभर खेळ बंद होता. पुन्हा बसलो तेव्हापासून अग्निगोल कुठेही टाकला तरी कुणी वाचेना. राक्षस जळायचे, आणि गणेशचा वैद्यही.

"अरं, परत मेलो ना मी!" गणेश ओरडायचा. "दर रविवारी हिथं मरायचं नि सोमवारी जीप काडायची. असा वैद्य कोन होईल रं?"

तिसऱ्या रविवारी प्रमोदने वही उघडली. "पूर्वी एका अग्निगोलात सरासरी तीन सापडायचे, आता नऊ. आजपासून आठाचे चार फासे."

"म्हणजे माझा मांत्रिक आता चुली पेटवणार?"

"आकडे बघ रे. आकड्यांना तुझ्याशी काय वैर आहे?"

तेव्हा मी म्हणालो, "कारखान्यात कुणी विचारत नाही, म्हणून इथे साहेबकी करतोस." त्याने वही मिटली. मी चपला घातल्या... आणि पुन्हा कधी गेलोच नाही.

पुढच्या वर्षी त्याची कावीळ बळावली. पनवेलच्या दवाखान्यात तो तीन आठवडे होता. गणेश सांगायचा, "एकदा जाऊन ये रं." आजारी माणसाकडे गेलो तर हार मानायला आल्यासारखं दिसेल, बरा झाला की बघू, असं मी ठरवलं. मग एका सकाळी गणेशचा फोन आला. "परमोद गेला रं." पुढे फक्त जीपच्या इंजिनाचा आवाज.

तेराव्यानंतरच्या रविवारी गणेशने मला त्या घरी नेलं. प्रमोदच्या बायकोने, संगीतावहिनींनी, वही आणि चिंचोक्यांचा डबा समोर ठेवला. "इथंच खेळा, भाऊजी. आईंना रविवारी तुमच्या भांडणाची सवय आहे."

मी चिंचोके मांडायला वाकलो आणि प्रथमच त्या फरशीकडे नीट पाहिलं.

"वहिनी, ह्या लाद्या केवढ्या?"

"दोन बाय दोन. आधीच्या फुटाफुटाच्या होत्या. सांध्यात पाय अडकून आई पडल्या, म्हणून ह्यांनी मोठ्या घेतल्या. सांधे कमी येतात."

मोजलं. पूर्वी हॉल बारा लाद्या रुंद, सोळा लांब. आता सहा आणि आठ. अग्निगोलाचा जाळ तेव्हाही इकडून तिकडे आठ लाद्यांचा होता, आताही आठाचाच. मंत्र होता तेवढाच होता. आमची रणभूमी चौथा हिस्सा उरली होती. मी बरोबर होतो. हे ऐकवायला समोर हार घातलेला फोटो होता.

"मंग ही चूक त्याला कदी कळलीच नाय?" गणेशने विचारलं.

मी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. तारीख भांडणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली. मंत्रांचा रकाना संपल्यावर खाली त्याने त्या आठवड्याची कामं लिहिली होती, आणि झालेल्या कामांपुढे बरोबरची खूण, कारखान्यात करायचा तशी. "लादी = दहा फूट, म्हणून जाळ दोन-दोन लाद्या. अग्निगोल पूर्ववत आठ फासे," याच्यापुढे खूण आहे. "त्याच्या घरी जाऊन सांगणे," याच्यापुढे नाही.

त्याखाली गॅस सिलिंडर आणि आईच्या चष्म्याची दांडी. ती दोन्ही कामं झालेली आहेत.