आपला गोल, तीन टाचा

मैदानाच्या दक्षिण टोकाला, गोलपोस्टच्या मागे, जुनी लाकडी गॅलरी होती आणि त्या गॅलरीच्या पोटात एक सलून होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे, त्यातला एक तडकलेला, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक, आणि छत म्हणून गॅलरीच्याच फळ्या. सलून चालवणारा माणूस क्लबचा सर्वांत कट्टर चाहता होता, आणि सव्वीस वर्षांत त्याने घरच्या मैदानावरचा एकही सामना पाहिलेला नव्हता. खोटं वाटेल, पण खरं आहे. सामन्याच्या दिवशी गावातल्या यच्चयावत पुरुषांना मैदानात शिरण्याआधी दाढी करून घ्यायची हुक्की येते. ते आत गेले की ज्यांना तिकीट मिळालेलं नाही ते तोंड पाडून बाकावर येऊन बसतात. दुकान बंद करणार कधी आणि वर जाणार कधी?

पण पाहिला नाही म्हणजे कळला नाही, असं कोणी समजू नये. तो सामना ऐकायचा. डोक्यावर हजारभर लोकांचे पाय, आणि त्या पायांची भाषा त्याला तोंडपाठ. चेंडू आपल्या हाफमध्ये अडकला की फळ्या नुसत्या कुरकुरत. कॉर्नर मिळाला की सगळे एकदम उठत. पेनल्टीच्या वेळी एक फळी हलायची नाही. पंचाने चुकीचा निर्णय दिला तर उजव्या कोपऱ्यातून धूळ जास्त पडायची, कारण तिथे निवृत्त शिक्षक बसत.

शिवाय त्याची बायको वर होती. ती सरकारी इस्पितळात नर्स. ड्यूटीची अदलाबदल कशीही करो, घरचा सामना तिने चुकवला नाही. तिची जागा पाचव्या रांगेत, खालच्या दोन नंबरच्या खुर्चीच्या बरोब्बर वर. आपला गोल झाला की ती टाच तीनदा आपटायची, समोरच्यांचा झाला की एकदा. खालून तो झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकायचा. त्याचा अर्थ ‘पोचलं’. आमच्या अख्ख्या संसारात एवढं सरळ बोलणं दुसरं कधी झालं नाही, असं ती मैत्रिणींना सांगायची.

आपला गोल झाला त्या क्षणी खुर्चीत जो असेल त्याला डोक्याची मालिश फुकट, हा सलूनचा नियम. एकदा बायकोच्या पायाला मुंग्या आल्या आणि तिने झटकण्यासाठी पाय तीनदा आपटला. खुर्चीत होता पाहुण्या संघाच्या बसचा ड्रायव्हर. त्याला दहा मिनिटं अशी काही मालिश मिळाली की बिचारा डोळे पुसत म्हणाला, “तुमच्याकडे परक्या माणसाला केवढा मान देतात हो!” वर शून्य-शून्य चाललं होतं.

त्याला सगळे ‘गोली’ म्हणत. त्यामागेही कारण होतं. हे मैदान बांधलं तेव्हा चाहत्यांनी स्वतः विटा वाहिल्या होत्या. त्या उपकाराला जागून तेव्हाच्या मालकांनी लिहून दिलं होतं की चाहत्यांच्या मंडळाने बहुमताने होकार दिल्याशिवाय क्लब विकता येणार नाही. मंडळ अकरा जणांचं, आणि प्रत्येकाची जागा खेळाडूसारखी ठरलेली. मत देताना फॉरवर्डपासून सुरुवात करायची आणि मागे मागे येत गोलकीपरने शेवटी बोलायचं. सलूनवाला सतरा वर्षं मंडळाचा गोलकीपर होता. सतरा वर्षांत त्याच्या मतावाचून काही अडलं नव्हतं, कारण त्याची पाळी येईपर्यंत निकाल लागलेला असे. तो नुसता “माझं पण तेच” म्हणून चहा सांगायचा.

मग ती बातमी आली. म्हातारे मालक, ज्यांचा बर्फाचा कारखाना होता, ते आता थकले होते. त्यांना क्लब विकायचा होता, आणि घ्यायला तयार होता लिफ्ट बनवणारा एक शेठ.

झालं! सलूनमध्ये दुसरा विषयच उरला नाही. “तीन वर्षं आपण तळाला आहोत. लिफ्टवाल्याच्या हातात गेलो तर वर तरी जाऊ,” असं प्लंबर रोज नव्याने सुचल्यासारखं म्हणायचा. हा मंडळाचा सेंटर फॉरवर्ड. पोस्टमन म्हणायचा, “त्या शेठने फुटबॉलला पाय तरी लावलाय का?” त्यावर प्लंबर, “आपल्या फॉरवर्डने तरी कुठे लावलाय?” एक नंबरच्या खुर्चीतला माणूस विकण्याच्या बाजूने बोलू लागला की दोन नंबरचा फेसाळ तोंडाने विरोध करायचा आणि समोरच्या आरशावर फेसाचे शिंतोडे उडायचे. गोली मजेत ऐकायचा. वस्तरा हातात असलेल्या माणसाशी कोणी फार वाद घालत नाही, त्यामुळे तो म्हणेल ते शेवटचं. आणि तो उघड शेठच्या बाजूने होता. नवे खेळाडू येतील, नवा प्रशिक्षक येईल, या कल्पनेनेच त्याचा हात हलका चाले.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली होती. तो बोलायला लागला की काही जण एकमेकांकडे बघत आणि विषय बदलत.

त्या दिवशी दोन नंबरच्या खुर्चीत बेकरीवाला होता, मंडळाचा सेंटर बॅक आणि गोलीचा शाळेपासूनचा मित्र. त्याची मिशी म्हणजे गावाचं भूषण. दोन्ही बाजूंनी भरघोस, टोकांना पीळ. टोकं जरा सारखी करायची होती, एवढंच काम. बाकावर प्लंबर पोस्टमनशी भांडत होता, आणि भांडणाच्या भरात त्याची जीभ सुटली.

“अरे, ही गॅलरी पाडून शेठ सिमेंटची नवी बांधून देतोय! छपरासकट! अजून काय पाहिजे तुला?”

पोस्टमनने कपाळाला हात लावला. गॅलरी पाडणार म्हणजे सलून जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्याचं सलून त्यालाच कोणी सांगितलं नव्हतं.

गोलीने वस्तरा उचलला, नेहमीसारखा फिरवला आणि बेकरीवाल्याची डावी मिशी साफ उतरवली. सव्वीस वर्षांत त्याने कोणाला साधी चीर पाडली नव्हती. बेकरीवाला आरशात बघत राहिला. एकीकडे भरघोस मिशी, दुसरीकडे गुळगुळीत ओठ.

“अरे देवा,” गोली म्हणाला. “अरे, हे मी काय केलं! थांब, दुसरी बाजू सारखी करून देतो.”

“हात लावू नकोस,” बेकरीवाला उठत म्हणाला. “मतदान होईपर्यंत अशीच राहू दे. मी कोणत्या बाजूने मत देतोय ते लोकांना तोंडावरूनच कळेल.”

आणि खरोखर तो पठ्ठ्या आठवडाभर अर्ध्या मिशीने पाव विकत होता. पावाचा खप वाढला, हा भाग वेगळा.

घरी गोलीने बायकोला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“पंधरा दिवसांपासून,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली. “माझ्याने तुम्हाला सांगवेना.”

“आणि तुझं मत काय?”

“मी कुठे मंडळावर आहे?” विळी बाजूला सारत ती म्हणाली, “पाचव्या रांगेतली फळी मऊ झालीय, अहो. मागच्या सामन्यात पाय आत जातोय की काय असं वाटलं. तेव्हापासून मी जपूनच आपटते.”

गोलीला ते ठाऊक होतं. तीच तर त्याच्या पोटातली गोष्ट होती. हंगामाच्या सुरुवातीपासून बायकोची टाच बदलली होती. पूर्वी ती ‘टक’ वाजायची, आता ‘धप’ वाजत होती. लाकूड कुजल्याशिवाय असा आवाज येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? पण आपण बोललो तर गॅलरीला कुलूप लागेल, म्हणून तो गप्प बसला होता आणि छताला आतून दोन टेकू लावून मनाची समजूत घालत होता. आपल्या दोन खुर्च्यांसाठी आपण हिला कुजक्या फळीवर उभं केलं, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी तो जेवायला बसला खरा, पण त्याचं लक्ष ताटात नव्हतं.

रविवारी सकाळी मंडळ सलूनमध्येच जमलं. नऊ जण बाकावर आणि खुर्च्यांच्या हातांवर कसेबसे मावले. दोन नंबरच्या खुर्चीत गणिताच्या बाई बसल्या, कारण त्या मंडळाच्या कॅप्टन होत्या आणि त्यांना उठ म्हणायची कोणाची छाती नव्हती. गोली कात्र्यांच्या कपाटाला टेकून उभा राहिला.

“फॉरवर्ड, बोला,” बाई म्हणाल्या.

प्लंबर म्हणाला, विका. त्याच्या शेजारच्या दोघांनीही विका म्हटलं. मग पोस्टमन उठला. “माझा विरोध. शेठचा टाय मला आवडला नाही.” पुढचा म्हणाला, सिमेंटवर बसून कंबर धरते. त्याच्या पुढच्याला छपराचीच भीती, ऊन मिळणार नाही म्हणे. हा गृहस्थ दर सामन्याला उन्हाच्या नावाने बोटं मोडायचा! आणखी एकाने काही कारणच दिलं नाही, नुसता “नको” म्हणून छताकडे बघत बसला. मग दोघं जण होकाराचे निघाले. त्यात बाई स्वतः होत्या. नऊ मतं झाली. पाच होकार, चार नकार. उरला बेकरीवाला, आणि त्याच्यामागे गोली.

“नको,” बेकरीवाला अर्ध्या मिशीखालून म्हणाला. “लिफ्टचा काय भरवसा, मध्येच बंद पडते.”

पाच-पाच. सतरा वर्षांत पहिल्यांदा चेंडू गोलकीपरपर्यंत आला होता.

गोलीने हातातला टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला. “माझं मत देण्याआधी एक विचारतो,” तो म्हणाला, आणि वळला बेकरीवाल्याकडे. “तू शाळेत कॉपी करताना पकडला जायचास, आठवतं? खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. आत्ता झालेत. खरं सांग, तुला काय पाहिजे?”

बेकरीवाल्याने नाही नाही म्हणत मान हलवली. मग त्याने दोन्ही हातांनी कान झाकले. “मला छप्पर पाहिजे रे. वीस वर्षं पावसात भिजत सामने बघतोय. मला नवे खेळाडू पाहिजेत, मला एकदा तरी कप पाहिजे. पण तुझ्या डोक्यावरचं काढून नको.”

गोलीने एकेकाकडे पाहिलं. पोस्टमन चपलेचा अंगठा नीट करत होता. उन्हाच्या नावाने बोटं मोडणारा उगाच घड्याळ बघत होता. या पाच जणांना शेठ हवा होता, हे त्याला लख्ख दिसलं. हे सगळे त्याच्यासाठी टायला आणि छपराला नावं ठेवत होते. त्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले, आणि ते लपवायला त्याने टॉवेलात तोंड खुपसलं.

“अरे, एका गोलीला वाचवायला तुम्ही सगळे गोलपोस्टमध्ये येऊन उभे राहिलात, तर पुढे जाऊन गोल कोण मारणार?” तो टॉवेलातूनच म्हणाला. मग तोंड वर काढून त्याने पाचव्या रांगेच्या फळीबद्दल सगळं सांगितलं. आवाज कसा बदलला, आपण कसे गप्प बसलो, काही न लपवता. बाईंनी त्याची तिथल्या तिथे बिनपाण्याने केली. सलूनमध्ये उभं राहून सलूनवाल्याची झालेली ती पहिलीच. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “कबूल. म्हणून माझं मत, विका. पण शेठना एक अट घाला. या टोकाच्या गॅलरीची जमीन लाकडी पाहिजे. सिमेंटवर पाय वाजत नाहीत.”

“एवढंच?” बाई म्हणाल्या.

“एवढंच.”

“मग दुसरी अट मी लिहिते,” म्हणून बाईंनी कागद पुढे ओढला. “खाली दोन खुर्च्यांचं सलून.” बाकीचे दहा हात वर गेले. प्लंबरने तर दोन्ही केले, एक मत बाद धरावं लागलं.

मग बेकरीवाला बाईंना उठवून स्वतः खुर्चीत बसला. “हं, आता उतरव उरलेली,” तो म्हणाला. मिशीशिवाय तो इतका वेगळा दिसू लागला की त्याच्या सख्ख्या मुलीने दुकानात त्याला “काय हवं?” म्हणून विचारलं.

शेठचं उत्तर आलं. लाकडी जमीन मान्य. सलूनबद्दल मात्र ‘नकाशा पाहून ठरवू’, एवढंच लिहिलं होतं. प्लंबर लगेच चिडला, पण गोली म्हणाला की नाही म्हटलं नाही ना, मग झालं. तोवर सुताराने हंगामापुरत्या पाचव्या रांगेला नव्या फळ्या ठोकल्या. शेवटच्या सामन्याच्या दिवशी दुपारी बायको सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. तिने बाकावरच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, “आज दुकान बंद.” सगळे भराभर उठले. तिने स्वतः शटर ओढलं आणि नवऱ्याचा हात धरून जिना चढली.

वर आल्यावर गोली बावरून गेला. केवढं हिरवं मैदान! आणि केवढा गोंगाट, सगळ्या दिशांनी! खेळाडू त्याला ओळखूच येईनात. नजर चेंडूमागे पळून दमली, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि पायांकडे कान लावले. मग सगळं नीट कळू लागलं. “आता कॉर्नर,” तो म्हणाला, आणि कॉर्नर मिळाला. मागच्या रांगेतल्या बेकरीवाल्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. “डोळे उघड की लेका, फुकट आलायस का?”

त्याने डोळे उघडले तेव्हा चेंडू हवेत होता. सगळी गॅलरी श्वास रोखून उभी. कोणाचं तरी डोकं लागलं आणि जाळं हललं.

मग कोणाचंच काही ऐकू येईना. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, प्लंबर पोस्टमनला उचलून नाचू लागला. त्या सगळ्या कल्लोळात बायकोने सवयीने टाच आपटली. टक, टक, टक. आणि सवयीनेच ती क्षणभर थांबली, खाली मान घालून, फळीकडे बघत. खालून झाडूचा दांडा वाजायची ही वेळ होती. खाली मात्र दोन रिकाम्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावर धूळ पडत होती.

गोलीने तिच्या पायाशेजारी आपला पाय ठेवला आणि टाच दोनदा आपटली.