काचेआडचे अकरा फोटो

जळगावला होस्टेलमध्ये राहून कॉलेज करत होते, त्या तीन वर्षांत मी एकही पिक्चर पाहिला नाही. रेक्टरबाईंचा धाक होता, आणि खरं सांगायचं तर एकटीनं तिकिटाच्या खिडकीशी उभं राहायची माझी छाती नव्हती. पण कॉलेजच्या वाटेवर टॉकीज होती. तिच्या बाहेर काचेच्या कपाटात चालू पिक्चरचे फोटो लावलेले असत. मी रोज पाच मिनिटं तिथे घुटमळायचे. उरलेला पिक्चर लेक्चरला बसून मनातल्या मनात पूर्ण करायचे, आणि तो फारच छान व्हायचा.

दिवाळीच्या सुट्टीत चोपड्याजवळच्या आमच्या गावी गेले की सगळ्यांबरोबर कापूस वेचायला जावं लागे. शहरात शिकणारी म्हणून भाव खायची हौस मला दांडगी. एकदा बोलता बोलता म्हणून गेले, "परवाच एक पिक्चर पाहिला." झालं! बाया मागेच लागल्या. डोक्यात अकरा फोटो होते, त्यांची गोष्ट लावून टाकली.

सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-बारा बाया आपापली ओळ धरून पुढे सरकत, कमरेच्या ओटीत कापूस साठत जाई, आणि मधल्या ओळीतून मी बोलत राही. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, तिचं तळ्याकाठचं पांढरं घर, मागे बर्फाचे डोंगर. बर्फ कसा असतो ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मी समोरच्या शेताकडे हात केला. बाया बघतच राहिल्या. पलीकडची सातपुड्याची निळी रेघ त्या डोंगरांत कधी मिसळून जायची, कळायचं नाही. त्या दिवसांत आम्ही सगळ्याच तळ्याकाठी राहत होतो. पाठ दुखायची ती संध्याकाळी घरी आल्यावर.

माझ्या शेजारच्या ओळीला फुई असे, म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्याने तिला लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी आणून सोडलं होतं. आता चार वर्षांनी सासरकडून निरोपावर निरोप येत होते, पाठवून द्या म्हणून. माझे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, पाठवायच्याच बेतात होते. फुईला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या पिक्चरमधला नवरा बायकोला न्यायला आला. फुईचे हात थांबले.

"मंग? ती जास का परत?"

नवरा दारात उभा, एवढाच फोटो काचेआड होता. पुढचा नव्हता. मी फुईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही जात. त्याला पाणी देते, आणि दार लावून घेते."

त्या दिवशी तिची ओळ सगळ्यांच्या आधी संपली.

भाऊबीज झाल्यावर नाना तिला घेऊन जळगावला निघाले. तिथे एका नातेवाइकाकडे सासरची माणसं बोलणी करायला येणार होती. जाताना फुई माझ्या कानाशी म्हणाली, "बैठक उद्या शे. आज मी तो पिच्चर पाही लिसू."

आपलं बिंग फुटणार, एवढीच मला भीती वाटली. फुईचं पुढे काय होणार हे माझ्या डोक्यातही आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी नाना तोंड पाडून परतले. त्यांच्या मागून फुई आली.

दुसऱ्या दिवशी शेतात बायांनी तिला गराडा घातला, कसा शे पिच्चर? मी खाली मान घालून बोंडं ओरबाडत होते. फुई सांगायला लागली. तळं, पांढरं घर, बर्फ. नवरा येतो. ती पाणी देते, दार लावून घेते. सगळं माझंच होतं.

पाणी प्यायला बांधावर गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "तू पाहेल नही ना?"

मी रडायलाच लागले.

"त्यामां ती नवराना पाय पडस आनि परत जास. बठ्ठी टॉकीज, सगळीच्या सगळी, रडी ऱ्हायनी होती. माले राग उना. तुना पिच्चर चांगला शे." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "मी नानाले सांगी दिनं, मी जात नही."

नानांनी वर्षभर तिच्याशी अबोला धरला. गावाने तर काय काय नावं ठेवली. पुढे ती शिवणकाम शिकली आणि एरंडोलला एक खोली घेऊन एकटी राहू लागली. बाराव्या फोटोत पाया पडणारी बाई असती तर मी तेच सांगितलं असतं का, हा विचार मला कित्येक वर्षं झोंबत राहिला. माझंही लग्न झाल्यावर एकदा तिच्या खोलीवर गेले आणि धीर करून विचारलं, "फुई, माझ्यामुळे तुझं वाटोळं तर नाही ना झालं?"

शिलाई मशीन न थांबवता ती म्हणाली, "वाटोळं कसानं? पन ती दार लावस तठपर्यंतच तू सांगेल होतं. पुढलं बठ्ठं माले एकलीलेच करनं पडनं."