हवेतलं पातेलं आणि न बघणारी बाई

आमचे धाकटे भावजी तीस वर्षं भांड्यांच्या दुकानात होते. शिक्षण यथातथाच, पण गिऱ्हाइकाची नजर ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एके दिवशी मालकांनी एक यंत्र आणलं. काळी काच अन् वर दोन इवले कॅमेरे. गिऱ्हाइकाची बुबुळं फळीवर जिथं थांबतील, ते भांडं हे यंत्र त्याच्यापुढं हवेत उभं करायचं. अगदी खरं हो! मान वाकवली की आतलं बूड दिसायचं. भावजींना भांडं वाजवून बघायची सवय. गेले टिचकी मारायला, तर बोट आरपार अन् भावजी नाकावर! तेव्हापासून त्यांनी यंत्राकडं पाठ केली.

मालक म्हणाले, "शनिवारपर्यंत यानं जास्त विकलं, तर तुम्ही मागं गोदामात."

गोदामात बोलायला माणूस नाही. भावजी काय झाकणांशी बोलणार? त्यांचं जेवणच गेलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत दोघांची बरोबरी. शेवटी एक छत्रीवाली बाई यंत्रापुढं बसली. बादली आली हवेत. "पत्रा पातळ." चाळणी आली. "भोकं मोठी." मालक घाम पुसत फळीपुढं आले, तर बाईची नजर त्यांच्या टकलावर थांबली अन् यंत्राला ते पालथं पातेलंच वाटलं. तसंच एक गुळगुळीत पातेलं तरंगायला लागलं!

"हे छान आहे," बाई म्हणाली, "पण नको."

भावजी कोपऱ्यातून बघत होते. बाईनं नजरेनं सगळं दुकान पालथं घातलं, पण खालच्या फळीवरच्या मोठ्या कुकरकडं एकदाही बघितलं नाही. भावजींनी तोच उचलून पुढं ठेवला.

"अहो, मी बघितलासुद्धा नाही!"

"म्हणूनच आणला, ताई. हवं त्याच्याकडं बघितलं की आमचे मालक भाव चढवतात."

बाई खो-खो हसली. "आईनं शिकवलेलं हो माझ्या! बांधा."

मालकांनी टक्कल खाजवलं. "हरलो. तुम्ही काउंटरवरच राहा, यंत्र जाईल गोदामात. पण काय हो, आठवडाभर तुम्हीही त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाहीत. म्हणजे...?"

भावजी लाजून लाल झाले.

यंत्र राहिलं काउंटरवरच. दुपारी दुकान रिकामं असलं की भावजी हवेतल्या पातेल्याला टिचक्या मारत बसायचे.