गोणपाटावरचे चष्मे

डोळ्यांचा डॉक्टर नगरला आणि आम्ही मिरजगावजवळच्या वाडीत. एस.टी.चं भाडं, डॉक्टरची फी, वर चष्मा, आणि मशीन बंद राहील तो दिवस वेगळाच. बाहत्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट सांगतोय. आमच्याकडे दुखणं अंगावर काढायचं असायचं. पोराचा कान वाहिला तर लसणाचं तेल, बायकोची कंबर धरली तर गरम विटेचा शेक. माझ्या दुखण्यावर मात्र घरात काहीच औषध नव्हतं. मी शिंपी, आणि अडतिसाव्या वर्षीच मला हातातली सुई दिसेनाशी झाली होती.

हे कुणाला कळता कामा नये, एवढं मात्र मला स्वच्छ दिसत होतं. न दिसणाऱ्या शिंप्याकडे कापड कोण टाकणार? आणि कापड आलं नाही तर आम्ही खाणार काय? मशीन हाताच्या सवयीवर चालायची. काज-बटणासाठी बायको खुरपायला जाण्याआधी डझनभर सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायची. त्या संपल्या की मी गिऱ्हाइकावर खेकसायचो, "आज न्हाई, उद्या या!" लोक म्हणायचे, शिंपी लई तापट. तापट मी आधीपासूनच होतो, त्यामुळे कुणाला शंका आली नाही, असं मला वाटायचं.

मिरजगावच्या बाजारादिवशी मी तिथल्या एका दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडत असे. एका बाजारी बायको पळतच ओट्याशी आली. लग्न झाल्यापासून मी तिला पळताना पाहिलं नव्हतं.

"अवो, उठा! चष्मेवाला आलाय. गोनपाटावर ढीग घातलाय नुसता! डॉक्टर न्हाई, फी न्हाई. घालून बघायचं, दिसलं तर घ्यायचं!"

"लोक बघतील की."

"बघू द्या. तुमाला कुटं दिसत्यात ते?"

हातातली सुई टोपीत खोचली. उठलो.

चष्मेवाला उकिडवा बसून ज्याच्या त्याच्या हातात वर्तमानपत्राचा कपटा देत होता. मी म्हणालो, "कागद नको," आणि टोपीत खोचलेली सुई काढली. झालं, गुपित फुटलं! पहिल्या चष्म्यात एका सुईच्या दोन सुया झाल्या. दुसऱ्यात नुसतं धुकं. तिसऱ्याची एक दांडी सुतळीने बांधलेली, तो घालताच गरगरलं. तोवर भोवती ही गर्दी. "शिंपीदादा, त्यो काळ्या दांडीचा बघा!" "आरं न्हाई, जाड भिंगाचा द्या त्यास्नी!" कुस्तीच्या फडात पैलवानाला सांगावं तसे सगळे मला डाव सांगत होते. मलाही चेव चढला. सहावा झाला, सातवा झाला.

आठवा घातला आणि सुईचं नाक समोर आलं. केवढं ते नाक! दोऱ्याचा पीळसुद्धा दिसत होता. दोरा नेला आणि एका दमात आरपार गेला.

"गेला! गेला!" मी ओरडलो. गर्दीने शिट्ट्या मारल्या, कुणी टोपी उडवली. बायको पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कोण जाणे. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर मला मिठीच मारली.

त्यांचा सदरा अगदी माझ्या चष्म्यासमोर आला. खिसा एका बाजूला लोंबलेला. टीप दावं तोडलेल्या गुरासारखी वाट सोडून भलतीकडेच गेलेली. कुणी शिवलाय हा, असं विचारणारच होतो, तेवढ्यात निळ्या रेघांचं ते कापड मी ओळखलं. त्यांच्या लेकीच्या लग्नात मीच शिवला होता. न्यायला आले तेव्हा ते बराच वेळ सदऱ्याकडे बघत राहिले होते. मी डाफरलो होतो, "काय बघताय? खांदा तुमचाच उतरलाय!" "व्हय, आसंल," म्हणून त्यांनी तो अंगात घातला होता.

शेजारच्याची बाही बघितली, त्याच्या पलीकडच्याची कॉलर बघितली. सगळा माझाच हात. माझ्यासाठी शिट्ट्या मारणारी ही माणसं दोन वर्षं वाकडे कपडे घालून हिंडत होती. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. मी म्हाताऱ्याकडे वळलो.

"बाबा, तवाच बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? माजी म्हातारी दोन सालं चुलीपाशी चाचपडती. तिला तरी कुटं न्हेलं म्या नगरला? दिसंना झालं की मानूस चिडतं. घरात बगतोय की." एवढं बोलून ते गोणपाटाशी बसले आणि एकेक चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून म्हातारीसाठी निवडू लागले.

"अवो, तुमच्या डोळ्यानं तिचं कसं कळंल?" मी ओरडलो. "गाडी जुपा, घिऊन या तिला!" आणि चष्मेवाल्याने आवरून जाऊ नये म्हणून त्याच्या गोणपाटावरच मांडी ठोकली.

म्हातारी आली. बाजार उठेपर्यंत आम्ही अख्खा ढीग तिच्या डोळ्यांना लावून बघितला. प्रत्येक वेळी गर्दी श्वास रोखायची आणि म्हातारी मान हलवायची. मोतीबिंदू चष्म्याने जात नाही, त्याला नगरच गाठावं लागतं, हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक होतं? शेवटी तिला परत गाडीत बसवलं, तेव्हा तिने चाचपडत माझ्या तोंडावरून हात फिरवला. चष्म्याची दांडी बोटांना लागली.

"आसू द्या," ती म्हणाली. "तुमाला तर गावला न्हवं?"