रविवारी पाहिलेले कागद

मी खोटं बोललो. एकच वाक्य होतं, हिंदीत होतं, आणि विचारणाऱ्या साहेबांनी फाईलमधून मान वर करूनही पाहिलं नाही. ‘नहीं सर, मैंने नहीं देखे.’ तेवढ्या वाक्याने एक सज्जन माणूस सरकारी कागदावर खोटारडा ठरला.

तेव्हा मी दिल्लीत एका सरकारी बांधकाम खात्यात सहायक अभियंता होतो. बायको, मुलगी आणि मी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते पहाडगंजात राहणारे मराठी ठेकेदार. माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे. पत्नी वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन नोएडाला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे यायचे आणि दारातूनच हाक मारायचे.

“साहेब उठले का? की आज सुट्टीचा अर्ज मंजूर व्हायचाय?”

“दाढी करतायत तुमचे साहेब,” बायको म्हणायची. “काका, जिलबी आधी इकडे द्या, मुंग्या लागतील.”

“जिलबी पोरीची. तुझ्यासाठी कारली आणलीत. नवऱ्याला घाल, जरा गोड बोलेल.”

माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली, निम्मं हिंदीत बोलणारी. काका तिला फडताळ, शिंकाळं, उंबरठा असले शब्द शिकवायचे आणि पुढच्या रविवारी परीक्षा घ्यायचे. चुकली की म्हणायचे, “यार, तू तर पक्की दिल्लीवाली!”

ऑफिसात मात्र आम्ही एकमेकांशी फक्त हिंदी बोलायचो. हा त्यांचाच नियम. मराठी साहेब आणि मराठी ठेकेदार आपसात मराठीत कुजबुजतात असं कुणी म्हणायला नको. तिथे ते मला ‘सर’ म्हणायचे, बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत.

एका सरकारी मुलींच्या वसतिगृहाचं टेंडर निघालं. काकांना ते काम मनापासून हवं होतं. धंदा आवरायच्या आधी एक चांगली इमारत उभी करायची, म्हणायचे. टेंडर भरणाऱ्याने आधी केलेल्या कामांचे मूळ दाखले आमच्या ऑफिसात आणून दाखवायचे, आम्ही ते झेरॉक्सशी ताडून रजिस्टरमध्ये नोंद करायची, अशी अट होती. नोंद नसेल तर टेंडर बाद. काका शुक्रवारी येऊन गेले, पण मी साइटवर होतो. मग रविवारी ते कापडी पिशवीतून दाखले घेऊन घरी आले.

“इथे दाखवू ना? की उद्या पुन्हा येऊ?”

“उद्या कशाला हेलपाटा घालता?” मी म्हणालो. चहा बाजूला सारून मी एकेक दाखला झेरॉक्सशी ताडून पाहिला. सगळं बरोबर होतं. “झालं. सकाळी रजिस्टरात नोंद करतो.”

सोमवार शेवटचा दिवस होता. सकाळीच फोन आला, एका साइटवर स्लॅब भरायला घेतला होता आणि तिथला काँक्रीटचा मिक्सर बंद पडला होता. मी परस्पर तिकडे गेलो. नोंद साफ विसरलो. मंगळवारी टेंडर उघडलं तेव्हा काकांच्या नावापुढची जागा कोरी होती. काम दुसऱ्याला गेलं.

काकांनी लेखी आक्षेप घेतला: मूळ दाखले मुदतीत संबंधित अधिकाऱ्याला दाखवले आहेत, निवाड्याचा फेरविचार व्हावा. त्यावर बड्या साहेबांनी मला विचारलं, तुम्ही दाखले पाहिले होते का. मी विसरलो, एवढं कदाचित खपलं असतं. पण घरी, चहा पिताना, रविवारी पाहिले हे सांगणं म्हणजे संगनमताचा आरोप ओढवून घेणं. मी घाबरलो आणि ते एक वाक्य बोलून गेलो.

मग बड्या साहेबांसमोर सुनावणी झाली. काका टेबलासमोर उभे होते. मी बाजूच्या खुर्चीत.

“ओरिजिनल दिखाए थे?”

“जी सर.”

“किस तारीख को?”

काका खिशात छोटी डायरी ठेवायचे. कुठला मजूर कधी आला तेसुद्धा त्यात असायचं. त्यांचा हात खिशाकडे गेला. पण तारीख सांगितली असती तर कुणीही कॅलेंडर पाहून म्हणालं असतं, हा तर रविवार. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हात खाली घेतला.

“तारीख याद नहीं, सर.”

“कमाल है. और हम पर इल्ज़ाम लगाने चले हैं!”

आक्षेप फेटाळला गेला. अर्जदाराने असत्य विधान केल्याचा शेरा आदेशात आला.

त्या रविवारी काका आले नाहीत. पुढच्याही नाही. मुलगी गॅलरीत जाऊन पाहायची. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जाऊन या.” मी गेलो नाही. दर रविवारी दाढी करताना मात्र मी नळ बंद करायचो, हाक ऐकू यावी म्हणून. आमच्या घरात मग मराठी तेवढीच राहिली, जेवढी आम्ही दोघं बोलायचो. माणूस हयात असताना, त्याच शहरात असताना, त्याच्यासाठी असं झुरता येतं हे मला तेव्हा कळलं. मध्ये वर्षं गेली. ती फाईल आता नियमाप्रमाणे नष्टही झाली असेल.

गेल्या हिवाळ्यात कळलं की काका आता नोएडाला मुलीकडे असतात. मी मेट्रोने गेलो. दार तिनेच उघडलं. काका बाल्कनीत उन्हात बसले होते, खूप वाळले होते. मला पाहून त्यांनी हाताने खुर्ची दाखवली.

“बसा, सर,” ते म्हणाले. घरात ते मला कधीच सर म्हणाले नव्हते.

त्यांची मुलगी चहा घेऊन आली. हळूच मला म्हणाली, “त्या टेंडरचं अजून मनात आहे बाबांच्या. कागद दाखवले होते म्हणतात. आम्हाला वाटतं, तेव्हापासूनच त्यांचा विसरभोळेपणा सुरू झाला.”

काकांनी ते ऐकलं. ते रस्त्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं, स्वतःच्या लेकीसमोरसुद्धा, त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

मला बसवेना. मी उभा राहिलो आणि तिला म्हणालो, तू थांब, तूही ऐक.

“काका, तुम्ही कागद दाखवले होते. रविवारी, माझ्या घरी. मी एकेक ताडून पाहिला होता. नोंद करायला मी विसरलो, आणि विचारलं तेव्हा नोकरीच्या भीतीने खोटं बोललो. तुम्ही तारीख सांगितली नाहीत ती माझ्यासाठी, हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. माझं चुकलं, काका. मला माफ करा.”