संग्रहालयातला गोळा आणि मामांच्या गच्चीचं दार

आई निवृत्त झाली आणि पहिल्या आठवड्यात तिने घरातले सगळे डबे घासले. दुसऱ्या आठवड्यात ती माझं कपाट लावायला लागली. तेव्हा मी ठरवलं, हिला बाहेर काढायला हवं. खराडीत आम्ही दोघीच राहतो. लांबच्या सहलीला तिची तयारी नव्हती, आणि मला रजा एकाच दिवसाची मिळत होती. म्हणून कॅम्पातलं युद्ध-संग्रहालय. पुण्यात जन्म काढूनही आम्ही दोघींनी ते पाहिलेलं नव्हतं. पुण्यातल्या जागा आपण पाहुणे आले तरच पाहतो, आणि आमच्याकडे पाहुणे फारसे येत नाहीत.

बुधवारी निघालो. शनिवार-रविवारी शाळांच्या सहली असतात, त्यामुळे आठवड्याचा मधला दिवस निवडावा. खराडीहून रामवाडीपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रोने पुणे स्टेशन, पुढे पुन्हा रिक्षा. नगर रस्त्याच्या गर्दीत तासभर अडकण्यापेक्षा हे बरं, आणि दोघींचं मिळून टॅक्सीच्या निम्म्यातही बसतं. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला कुठे जायचंय ते सांगितलं, तर त्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं.

"रणगाडाच बघायचाय ना? मग चौकात फुकट उभा आहे की."

"आम्हाला आतून बघायचंय," आई म्हणाली.

"आतून तर कुठंच दाखवत नाहीत," तो म्हणाला आणि मीटर टाकला.

वाटेत एका इराणी हॉटेलात बनमस्का आणि चहा घेतला. आधी खाऊन जा, कारण संग्रहालयाच्या आवारात बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या सोडल्या तर काही मिळत नाही. ओळखपत्र मूळ लागतं, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. पिशव्या फाटकाशी ठेवाव्या लागतात आणि बदल्यात पत्र्याचा बिल्ला मिळतो. तिकीट किरकोळ आहे, कॅमेऱ्याचं वेगळं.

आवार माझ्या कल्पनेपेक्षा बरंच मोठं निघालं. समोरच्या हिरवळीवर रणगाडे, तोफा आणि चाकं काढून खांबांवर चढवलेलं एक लढाऊ विमान. त्यामागे ओळीने दालनं. रणगाड्याच्या पट्ट्यातल्या कड्या मी जवळून पाहिल्या. प्रत्येक कडीची खीळ वेगळी काढता येते, म्हणजे तुटलेली कडी तेवढीच बदलता येते. असं साधं, दुरुस्त करता येण्यासारखं काम मला आवडतं. आई मात्र प्रत्येक वस्तू घरातल्या कशाशी तरी जुळवून पाहत होती. सैनिकाचा जेवणाचा डबा तिच्या कचेरीतल्या शिपायाच्या डब्यासारखा होता. बर्फातले बूट पाहून तिला शेजारच्या काकांच्या पायाची सूज आठवली. ती हे सगळं मोठ्याने बोलत होती. मी दोनदा "आई, हळू," म्हणाले.

तिसऱ्या दालनात आमच्याबरोबर एक माहितगार आले. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, साताऱ्याकडचे. वय साठीच्या पुढे, पाठ अजून सरळ. त्यांची फेरी चुकवू नका, पाट्यांपेक्षा ते जास्त सांगतात. हे दालन दारूगोळ्याचं होतं. काचेमागे लहान-मोठे तोफगोळे उभे केलेले, काही मधोमध कापलेले, आत काय भरतात ते दिसावं म्हणून.

"हा रंगाचा पट्टा बघा," सुभेदार म्हणाले. "पिवळा असला तर आत स्फोटक. निळा असला तर सरावाचा. शिपायाला अंधारात, घाईत वाचायला वेळ नसतो. रंग बघितला की कळतं."

"अगं शलाका, हे बघ," आई काचेवर बोट ठेवून म्हणाली. "दादाच्या गच्चीचं दार अडवायला आहे ना, तसंच हुबेहूब."

मी "चल पुढे" म्हणाले. दोन पावलं गेले आणि थांबले.

दादा म्हणजे माझे सदामामा. त्यांचं गाव आता शहरात आलं आहे, शेत होतं तिथे तीन मजली घर आहे. गावाच्या टेकडीपलीकडे पूर्वी सैन्याची सरावाची जागा होती. घराचा पाया खणताना मामांना एक जड लोखंडी वस्तू सापडली. खाली सपाट, वर निमुळती, हातभर उंच. गच्चीचं दार वाऱ्याने आपटायचं, ते अडवायला ती बरोबर बसली. वीस वर्षं ती तिथे आहे. लहानपणी मी तिला टेकून अभ्यास केला आहे. हल्ली मामांची चार वर्षांची नात चिऊ तिला टोपी घालते. दर दिवाळीला घर रंगवून उरलेला ऑइलपेंट मामा तिला लावतात, गंजू नये म्हणून. एका वर्षी पोपटी, एका वर्षी तपकिरी. त्याखाली पट्टा होता की नव्हता, असला तर कोणता, हे कोणालाही सांगता येणार नव्हतं.

मी सुभेदारांना एवढंच विचारलं, "जमिनीत सापडलेला गोळा इतकी वर्षं काही न होता राहिला, तर तो सुरक्षित समजायचा का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुठं आहे?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. "ताई, फुटायचा राहिलेला गोळा जुना झाला म्हणून शहाणा होत नाही. घरच्यांना फोन लावा. हात लावू नका म्हणावं."

दालनात मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही तिघं बाहेर विमानाच्या सावलीत आलो. मामांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. मी थोडक्यात सांगितलं. पलीकडून हसू आलं.

"अगं शलू, वीस वर्षं हाय ते. मी त्याच्यावर खिळे ठोकून सरळ केलेत. थांब, रॉकेलनं पुसून बघतो, कुठला रंग निघतो ते."

"मामा, नको. त्याच्याजवळ जाऊ नका."

"आत्ता ते हातातच हाय माझ्या. गच्ची झाडत होतो."

फोनमधून दार आपटल्याचा आवाज आला. आईने माझा दंड धरला. ठेवा म्हणावं की धरून ठेवा म्हणावं, हे मला माहीत नव्हतं. सुभेदारांनी न विचारता माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार दादा. मी सैन्यातला माणूस बोलतोय. घाबरू नका, मी सांगतो तेवढंच करा. फोन स्पीकरवर टाका, खिशात ठेवा. दोन्ही हातांनी धरा. हळू खाली बसा. आडवा ठेवायचा, उभा नाही. टाकायचा नाही, टेकवायचा. टेकला? बाजूला वीट आहे का? दोन विटा लावा, घरंगळायला नको. आता सावकाश उठा. दार आतून ओढून कडी घाला. दार आपटू द्यायचं नाही."

प्रत्येक वाक्यानंतर मामांचा "हां" ऐकू येत होता. शेवटचा "हां" फार बारीक होता.

"आता घरातली सगळी माणसं खाली, रस्त्यावर, लांब. गॅस बंद करायला थांबू नका."

मी आईच्या फोनवरून ११२ लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "बॉम्ब आहे का?"

"माहीत नाही. तोफगोळा आहे. आत काय आहे हे कळत नाही, कारण त्याला रंग दिलेला आहे."

"कोणी दिलाय?"

"माझ्या मामांनी. दिवाळीत."

त्यांनी पत्ता विचारला.

सुभेदारांनी फाटकापर्यंत येऊन आमच्या पिशव्या स्वतः काढून दिल्या. आईने त्यांना हात जोडले. "ताई, हे आमचं रोजचंच होतं," ते म्हणाले. कॅम्पातून मामांच्या घरी टॅक्सीने पाऊण तास लागला. एरवी मी वाटेतले सिग्नल मोजते. त्या दिवशी मोजले नाहीत. आई वाटभर काही बोलली नाही, आणि तिने बोलावं असं मला फार वाटत होतं.

मामांची गल्ली दोन्ही टोकांना दोरी लावून बंद केली होती. एका टोकाला पोलीस, बॉम्बशोधक पथकाची गाडी आणि अख्खी गल्ली. कोणीतरी चहाचा थर्मास आणला होता. मामा एका पालथ्या बादलीवर बसले होते, चिऊ त्यांच्या मांडीवर. मामी उभ्या होत्या आणि बोलत होत्या.

"वीस वर्षं सांगतेय, भंगारात घाला, भंगारात घाला. ऐकलं का? आता पोलीस आले दारात. पुढच्या महिन्यात धाकट्याला बघायला येणारेत लोक."

"भंगारात घातलं असतं तर भंगारवाल्यानं घण मारला असता," मामा खाली बघत म्हणाले.

मामींनी चिऊला स्वतःकडे घेतलं.

पथकाचे दोघं जाड अंगरखे घालून वर गेले. त्यांच्याकडे पेटीएवढं एक यंत्र होतं. गोळा न हलवता त्याच्या आतलं चित्र त्यात दिसतं, असं त्यांच्या साहेबांनी मला सांगितलं. मी आणखी दोन प्रश्न विचारले. त्यांनी पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याला म्हणाले, "मॅडम, आधी होऊ द्या." बरोबर होतं त्यांचं. माझ्या कामात मी रोज गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. ब्रेक लागला नाही तर काय, हे टेबलाशी बसून विचारते. इथे टेबल नव्हतं. मामांच्या पायात चपला नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. घाईत तसेच उतरले होते.

चाळीस मिनिटांनी साहेबांचा वायरलेस बोलला. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि आमच्याकडे आले.

"सरावाचा आहे. स्फोटक नाही. वजनासाठी भरतात, तसा भरलेला. तोंडाशी फोडणारी कळही नाही."

आई फुटपाथवर बसली. मामी आधी रडल्या, मग म्हणाल्या, "आता दार कशानं अडवायचं?" आणि अख्खी गल्ली हसली. साहेबसुद्धा. मग त्यांनी आवाज चढवला. "हसू नका. हा सरावाचा निघाला, दुसरा निघेलच असं नाही. अजून कोणाकडे आहे असं काही?"

सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग समोरच्या घरातले गणपतकाका खाकरले.

"आमच्याकडं हाय एक. पितळी. त्याच्यात मनीप्लांट लावलाय."

"आमाला तर म्हणले जर्मनीची फुलदाणी हाय!" मागून कोणीतरी ओरडलं.

पथक गणपतकाकांकडे गेलं. ती नुसती उडवून झालेल्या गोळ्याची रिकामी पितळी नळी निघाली. मनीप्लांट डब्यात लावून काकांना परत मिळाला. मामांचा गोळा वाळूच्या पेटीत घालून खाली आणला, तेव्हा मी जवळून पाहिला. एका बाजूचा रंग उडाला होता आणि तिथे थर दिसत होते. पोपटी, तपकिरी, गुलाबी, आणि सगळ्यात खाली निळ्याची एक रेघ. वीस दिवाळ्यांच्या खाली उत्तर होतं. ते बघायला कोणी खरवडलं नाही, हे नशीब. निळाच निघाला असता हे खरं, पण खरवडणाऱ्याला ते आधी माहीत नसतं.

पंचनाम्यावर मामांनी सही केली, साक्षीदार म्हणून मी. मामींनी सगळ्यांना पोहे केले. पोलिसांनी नको नको म्हणत दोनदा घेतले.

तुम्ही संग्रहालयाला जाणार असाल, तर किमान तीन तास ठेवा. आम्ही अर्धंच पाहिलं. दारूगोळ्याच्या दालनात घाई करू नका. बरोबर कोणी मोठं माणूस असेल आणि ते "असंच आपल्याकडे होतं" म्हणालं, तर थांबा आणि पूर्ण ऐका. आणि घरात, शेतात, पाया खणताना असं काही सापडलं असेल, तर उचलू नका, घासू नका, रंगवू नका. लांब व्हा, ११२ लावा. खोटा निघाला तरी कोणी रागवत नाही. आमच्यावर कोणी रागावलं नाही.

आम्ही सातच्या सुमाराला घरी पोचलो. आईने वरणभाताचा कुकर लावला आणि सगळी गोष्ट मला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, जणू मी तिथे नव्हतेच. मी एकदाही हळू म्हणाले नाही. माझ्या "चल पुढे"बद्दल तिला सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं. "पण थांबलीस ना," ती म्हणाली आणि पुढे बोलत राहिली.

जेवताना मामांचा फोन आला. चिऊ झोपली, मामी झोपल्या, दाराला तात्पुरती दोरी बांधली, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग विचारलं,

"आणि तू गं? ठीक हायस ना?"

मी हो म्हणणार होते. मी कायम तेच म्हणते.

"नाही मामा," मी म्हणाले. "हात थरथरतायत. घास धरता येत नाहीये."

"माझंबी तसंच हाय," मामा म्हणाले. "दुपारपासनं. मला वाटलं माझंच."

ते तिकडे, मी इकडे, फोन कानाला लावून बसून राहिलो. हात थांबायला जेवढा वेळ लागला, तेवढा.